बिल्डची मांडणी सर्व्हरवर नको, कोडसोबत हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीत सॉफ्टवेअरमधल्या नोकऱ्यांवर जी लेखमाला चालू आहे, तिच्या गेल्या भागात कंटिन्युअस इंटिग्रेशनची, म्हणजे कोड बदलला की तो आपोआप बांधून तपासण्याच्या पद्धतीची, ओळख करून दिली होती. हा विषय मराठी वर्तमानपत्रात आला याचा मनापासून आनंद झाला. मात्र जेन्किन्सवर, म्हणजे हे काम करणाऱ्या सर्व्हरवर, पहिला जॉब बनवताना ‘फ्रीस्टाइल’ हा फॉर्म भरून बनवायचा प्रकार निवडा, चौकटीत कमांड लिहा आणि सेव्ह करा, हा विद्यार्थ्यांना दिलेला सल्ला मला अजिबात पटला नाही. बिल्ड (कोडपासून चालणारे प्रॉडक्ट बांधणे) आणि रिलीज हेच माझे रोजचे काम आहे, म्हणून हे पत्र.

फ्रीस्टाइल सोपा आहे, हे खरेच. कोड कुठून घ्यायचा, जॉब कधी चालवायचा, कोणत्या कमांड द्यायच्या, मेल कोणाला जायचा, एवढे फॉर्ममध्ये भरले की काम झाले. पण भरलेली ही सगळी मांडणी जाते कुठे? सर्व्हरच्या डिस्कवर, त्या जॉबच्या फोल्डरमधल्या एका एक्सएमएल फाइलमध्ये. कोडच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास जिथे राहतो तिथे, तिचा मागमूस नसतो. फॉर्ममधली एखादी खूण कोणी आणि कधी बदलली याचा इतिहास ठेवणारे प्लगइन मिळते, पण ते आधीपासून टाकलेले असेल तरच उपयोगाचे. खूण का बदलली, हे तर बदलणाऱ्याने स्वतः लिहून ठेवले तरच कळते.

एका जुन्या प्रॉडक्टचा बिल्ड माझ्याकडे आला, तेव्हा तो मांडणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता. जॉब रोज पास होत होता. ग्राहकांच्या तक्रारी मात्र अशा, की त्या टेस्टमध्येच पकडल्या जायला हव्या होत्या. शेवटी मी ती एक्सएमएल फाइल उघडून ओळ न् ओळ वाचली. टेस्टचा आउटपुट स्क्रीनवरही दिसावा आणि फाइलमध्येही साठावा म्हणून तो पाइपमधून (एका कमांडचा आउटपुट दुसरीला देण्याची सोय) ‘टी’ या कमांडकडे सोडला होता. हेतू चांगला होता. पण कमांड चालवणारी शेल पाइपचा निकाल ठरवते ते शेवटच्या कमांडवरून. टेस्ट पडल्या तरी ‘टी’ आपले काम नीट करून शून्य, म्हणजे ‘यशस्वी’, परत करत होती आणि ते शून्य पाहून जेन्किन्स बिल्ड पास करत होता. जेन्किन्स स्क्रिप्ट चालवताना एक कमांड फसली की तिथेच थांबण्याचा पर्याय आपणहून लावतो, पण पाइपमधली आधीची कमांड फसली तर तो लागू पडत नाही. त्यासाठी बॅश या शेलमध्ये ‘पाइपफेल’ हा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. हीच ओळ रिपॉझिटरीतल्या फाइलमध्ये असती तर रिव्ह्यू करणाऱ्या कोणीतरी तिच्यावर बोट ठेवण्याची शक्यता तरी होती. वेब फॉर्ममधल्या चौकटीचा रिव्ह्यू कोण करतो?

फॉर्मला कधी काळी महत्त्व होते, हे मान्य. कोहसुके कावागुची यांनी २००४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना हडसन हा जेन्किन्सचा पूर्वज लिहायला घेतला, तेव्हा त्याआधीच्या क्रूझकंट्रोल या टूलमध्ये मांडणीची एक्सएमएल हाताने लिहावी लागत असे. त्या मानाने फॉर्म म्हणजे मोठी सुटका होती. पुढे २०११ मध्ये हडसनमधून जेन्किन्स वेगळा झाला आणि २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीने ‘पाइपलाइन’ या जॉबच्या दुसऱ्या प्रकाराला पुढे आणले. जॉबची मांडणी ‘जेन्किन्सफाइल’मध्ये लिहायची आणि ती फाइल कोडसोबत रिपॉझिटरीत कमिट करायची (नोंदवायची). गिटलॅब किंवा गिटहब अ‍ॅक्शन्स ही अशीच दुसरी टूल वापरली तरी मांडणी यॅमल या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, कोडशेजारीच असते. आजच्या विद्यार्थ्याने फॉर्मची सवय लावून घेण्यात काय हशील?

यात मला सर्वांत मोलाची वाटते ती जुन्या आवृत्तीची सोय. समजा, ग्राहकाकडे दोन वर्षांपूर्वीची आवृत्ती चालू आहे आणि तिच्यात सुरक्षेची एक दुरुस्ती तातडीने द्यायची आहे. ती आवृत्ती जावा ८ वर बांधलेली, सध्याचा कोड जावा १७ वर. फ्रीस्टाइल जॉबमध्ये फक्त आजची मांडणी असते. मग कोणीतरी रात्री बसून सेटिंग बदलायची, जुना बिल्ड काढायचा आणि सगळे आठवणीने पूर्ववत करायचे, तेही मधल्या वेळात दुसऱ्या कोणी कोड ढकलला नाही तर! मल्टिब्रँच पाइपलाइनमध्ये प्रत्येक ब्रँच (कोडची स्वतंत्र शाखा) आपली जेन्किन्सफाइल बरोबर घेऊन येते. जुनी ब्रँच जुन्या पद्धतीने बांधली जाते, नवी नव्या, आणि कोणालाही सर्व्हरला हात लावावा लागत नाही.

‘प्रत्येक प्रयोगासाठी कमिट करायचे का?’ असे माझे सहकारी विचारतात. त्यासाठी जेन्किन्समध्ये ‘रिप्ले’ आहे. झालेल्या बिल्डची स्क्रिप्ट तिथेच बदलून पुन्हा चालवता येते आणि जमले की मगच कमिट करायचे.

उलट टोकाची चूकही मी बरीच पाहते आणि ती तितकीच त्रासदायक आहे. जेन्किन्सफाइलमध्ये ग्रूव्ही ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालते म्हणून लोक त्यातच शेकडो ओळींचा प्रोग्रॅम लिहितात. मग तो फक्त सर्व्हरवरच चालतो आणि बिल्ड फसला की डेव्हलपरला आपल्या मशीनवर काहीच तपासता येत नाही. माझा आग्रह असा, की कोणत्या मशीनवर, केव्हा आणि कोणत्या क्रमाने एवढेच या फाइलने सांगावे. प्रत्यक्ष बांधणी आणि टेस्ट साध्या स्क्रिप्टमध्ये असाव्यात, म्हणजे त्या कुठेही चालतात.

नवशिक्यांकडून सुटणाऱ्या दोन गोष्टी इथे सांगते. पहिली, वेळेची मर्यादा. ती नसेल तर अडकलेली एक टेस्ट एक्झिक्युटर, म्हणजे जॉब चालवण्याची जागा, धरून बसते आणि सकाळी सगळी रांग खोळंबलेली दिसते. दुसरी, वेळापत्रक. दर पंधरा मिनिटांसाठी बहुतेक जण ‘*/१५’ लिहितात. असे सगळेच जॉब ठोक्याला एकदम उठतात आणि सर्व्हर गुदमरतो. जेन्किन्समध्ये ‘एच/१५’ लिहिता येते. मग जॉबच्या नावावरून मिनिट ठरते, ते दर वेळी तेच राहते आणि वेगवेगळ्या जॉबचा भार आपोआप पांगतो. पासवर्ड फाइलमध्ये लिहू नयेत, ते जेन्किन्सच्या क्रेडेन्शियल्समध्ये ठेवून फाइलमध्ये फक्त त्यांचा आयडी द्यावा, हे वेगळे सांगायला नकोच.

जुने लॉग पुसण्यासारखे किरकोळ काम, ज्याचा कोडशी संबंध नाही, त्याला फ्रीस्टाइल चालेल. प्रॉडक्ट बांधणाऱ्या जॉबला नाही.

लेखमालेच्या पुढच्या भागात एक छोटी जेन्किन्सफाइल छापावी, ही विनंती. बिल्ड, टेस्ट आणि पॅकेज अशा तीन स्टेज, वर वेळेची मर्यादा, आणि टेस्टचा रिपोर्ट गोळा करण्याची ओळ शेवटच्या ‘पोस्ट’ भागातल्या ‘ऑलवेज’खाली, म्हणजे टेस्ट पडल्या तरी रिपोर्ट हाती लागतो. एवढे सगळे एका कॉलमच्या कोपऱ्यात सहज बसेल.

आपली,
एक बिल्ड इंजिनिअर