‘उपाशी या’ एवढंच सांगून कसं चालेल?

संपादक महोदय,

सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये बघत सुई घालून करतात ना, त्या बायोप्सीबद्दल (तपासायला आतला छोटासा तुकडा काढतात ती) लिहितोय. माझ्या बाबांना चिठ्ठीवर फक्त "उपाशी या" लिहून दिलेलं, बस्स. ते बिचारे रात्रीपासून पाणीसुद्धा प्यायले नाहीत, ओठ कोरडे पडलेले, पण रक्त पातळ करायची वॉरफेरिनची गोळी मात्र रोजच्यासारखी घेतली कारण ती बंद करायची का हे कुणी विचारलंच नाही! गाऊन घालून, हाताला सलाईनची सुई लावून झोपवलं आणि तेव्हा रिपोर्ट आला, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) 2.8, म्हणजे रक्त बरंच पातळ. लिव्हरची बायोप्सी, रक्तस्रावाची भीती, मग काय, रद्द. डॉक्टरांनी थांबवलं ते बरोबरच केलं, माझा राग त्याआधीच्या आठवड्यावर आहे.

खरं तर गुंगीच्या औषधासाठी साधारण 6 तास जेवण नको, साधं पाणी मात्र 2 तास आधीपर्यंत चालतं. गोळी कधी थांबवायची हे ती देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं, मनाने बंद केली तर गुठळी होऊ शकते. अँजिओग्राफीसारखं काही असेल तर आयोडीनवाला कॉन्ट्रास्ट (एक्स-रेमध्ये रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध) देतात, म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), ॲलर्जी, मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) हेही आधी विचारायला हवं. आणि जांघेतून नळी घातली तर नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं, हे कुणी सांगतं का?

तारीख देतानाच दहा मिनिटं बसवून गोळ्यांची पिशवी बघा आणि आदल्या दिवशी एक फोन करा, एवढीच कळकळीची विनंती.

– एका पेशंटचा मुलगा