उच्चारांच्या प्रकल्पात आपला आवाज हवा

महोदय,

मी इंग्रजीची निवृत्त प्राध्यापिका आहे. नुकताच नागपुरातील एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाच्या ध्वनिशास्त्रावरील प्रकल्पांच्या तोंडी परीक्षेसाठी जाण्याचा योग आला. बहुतेक वह्यांमध्ये जिभेची तीच आकृती आणि प्रमाण ब्रिटिश उच्चारातील २० स्वर व २४ व्यंजनांचा तोच तक्ता उतरवलेला होता. एका विद्यार्थिनीने मात्र आजोबा, आई आणि धाकटा भाऊ यांचे उच्चार मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले होते. बनियन या अर्थाचा ‘वेस्ट’ आणि पश्चिम या अर्थाचा ‘वेस्ट’ हे शब्द आजोबा व आई अगदी सारखेच उच्चारतात, तर कॉल सेंटरमध्ये काम करणारा भाऊ दुसऱ्या शब्दाला ओठ गोल करतो, असे तिने स्वतः ऐकून नोंदवले होते. त्या पानावर तांबड्या शाईत शेरा होता : ‘अशुद्ध उच्चार, योग्य उच्चार लिहावेत.’

हा शेरा वाचून मला फार वाईट वाटले. कोण कसे बोलते आणि का, याचा शोध घेणे हेच या शास्त्राचे काम आहे. ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘काळा’ला ‘काया’ म्हणणारी वऱ्हाडी अशुद्ध नाही, हे विदर्भातल्या माणसाला पटवून द्यावे लागत नाही. मग इंग्रजीच्या वर्गात शिरताच ही समज कुठे जाते?

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी १९६२ साली न्यूयॉर्कमधील तीन दुकानांत जाऊन, चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूची चौकशी केली आणि उत्तरातल्या ‘फोर्थ फ्लोअर’ या दोन शब्दांतला ‘र’ ऐकू येतो की नाही एवढेच टिपले. दुकान जितके उच्चभ्रू, तितका तो ‘र’ अधिक ऐकू आला. सामाजिक भाषाविज्ञानात आजही सांगितल्या जाणाऱ्या या अभ्यासाला साधन म्हणून कान आणि वही पुरली. सीताबर्डीच्या दुकानांत आमची मुले असे काही करू शकणार नाहीत का?

विषयही हाताशी आहेत. ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरून ‘पेन’ म्हणावे : इंग्लंडमधल्या माणसाच्या उच्चाराने ती हलते, आपल्या उच्चाराने जेमतेम हलते, कारण शब्दारंभीच्या ‘प’बरोबर तिकडे श्वासाचा झोत बाहेर पडतो. गंमत अशी की ‘ताट’ आणि ‘थाट’ यांतला श्वासाचा फरक आपल्याकडे लहान मूलही ओळखते, तरी इंग्रजी बोलताना आपण तो झोत वापरत नाही. उलट इंग्रजी भाषकाला ‘पिन’ आणि ‘स्पिन’ यांतल्या ‘प’चा फरक सहसा जाणवतही नाही. असे का, यावर एक उत्तम प्रकल्प होईल. आवाजाचा आलेख पाहायचा असेल, तर ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेली ‘प्रात’ ही संगणक प्रणाली विनामूल्य मिळते.

म्हणून विद्यापीठाच्या इंग्रजी अभ्यास मंडळाला माझी विनंती आहे की, बोलणाऱ्याच्या संमतीने विद्यार्थ्याने स्वतः केलेले ध्वनिमुद्रण प्रकल्पात अनिवार्य करावे, त्यातील निरीक्षणाला स्वतंत्र गुण ठेवावेत आणि ‘अशुद्ध’ हा शब्द परीक्षकांच्या शेऱ्यांतून वगळण्याची लेखी सूचना पुढील सत्राचे विषय ठरण्यापूर्वीच महाविद्यालयांना पाठवावी.

– एक निवृत्त प्राध्यापिका, नागपूर