मनू, पुण्यात खोली घेण्याआधी

हॅम्बुर्ग, १० मे

ती. ताई आणि भाऊजींना सा. नमस्कार. चि. मनूस अनेक आशीर्वाद.

मनू, तुझं लांबलचक पत्र मिळालं. सोलापूर सोडायचं नक्की, पुस्तकांसाठी चित्रं काढणं सुरू ठेवायचं, जमलं तर नाटकाच्या नेपथ्यात शिरायचं आणि राहायचं एकटीनं. मुंबई, पुणे की बंगळूर, असं तू विचारलं आहेस. माझा कौल पुण्याला. पण नुसतं 'पुणे' म्हणून भागणार नाही. वाघोली पुणंच आणि सदाशिव पेठही पुणंच, पण या दोन ठिकाणी राहणाऱ्या दोघींचं आयुष्य अगदी वेगळं असतं. तुझी रोजची संध्याकाळ कुठे जाणार हे आधी ठरव आणि तिथून चालत किंवा एका मेट्रोने येता येईल एवढ्यातच खोली शोध. बाकी सगळं त्यानंतर.

मुंबई का नको ते आधी सांगते. सिनेमा, जाहिरात, डबिंग यांत पोट भरायचं असेल तर मुंबईच. तुझं काम मराठी पुस्तकांचं. प्रकाशकांची कचेरी, छापखाने, बाइंडिंगवाले पुण्याच्या पेठांमध्ये एकमेकांना लागून आहेत. महिन्यातून एक-दोनदा मुंबई गाठावी लागली, तर डेक्कन क्वीन सकाळी ७.१५ ला पुण्याहून सुटते आणि संध्याकाळी ५.१० ला मुंबईहून परत निघते. एका दिवसात काम करून घरी. बंगळुरात चित्रकारांना काम पुष्कळ आहे, पण मराठी पुस्तक तिथे कोण छापणार?

आता भाग. तुझ्यासारखीला मी वनाझ ते डेक्कन हा पट्टा सुचवेन: कोथरूडची मेट्रोकडची बाजू, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, एरंडवणे. नळ स्टॉपवरून तिसरं स्थानक छत्रपती संभाजी उद्यान, तिथे उतरलं की बालगंधर्व रंगमंदिर आणि त्याचं कलादालन पायी. तीच गाडी पुढे जिल्हा न्यायालय स्थानकावर दुसऱ्या मार्गाला मिळते. तो मार्ग सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत भुयारातून जातो आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानकं त्यावरच आहेत. म्हणजे अप्पा बळवंत चौक आणि रविवार पेठ गाडी-पार्किंगच्या कटकटीशिवाय हाताशी. वाकड, हिंजवडी, खराडी इथल्या इमारती चकचकीत आहेत, पण त्या आयटीवाल्यांच्या सोयीने उभ्या राहिल्या. तिथून संध्याकाळी सहाला निघून साडेसहाची तालीम गाठणं ज्याला जमतं त्याने तिथे राहावं.

पेठेतच राहावं असा मोह होईल. भरत नाट्य मंदिर, सुदर्शन रंगमंच, टिळक स्मारक सगळं चालत. पण वाड्यातल्या खोलीत उजेड कमी असतो, संडास कधी सामायिक, आणि जुन्या वाड्यांना पावसाळ्याआधी धोकादायक म्हणून महापालिकेच्या नोटिसा लागतात. भिंतीवर तशी नोटीस दिसली किंवा मालक 'पागडी'चं, म्हणजे खोलीसाठी वरून द्यायच्या एकरकमी पैशांचं, काही बोलला, तर पाय मागे घे. शिवाय गणपतीच्या आधी काही आठवडे ढोल-ताशांचा सराव चालतो आणि विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसावर जाते. चित्रकाराला हे सोसतं, आवाज रेकॉर्ड करणाऱ्याला नाही.

लगेच अकरा महिन्यांचा करार करू नकोस. आधी एक महिना कॉट बेसिसवर राहा, आणि तो जुलैचा असू दे. मेमधलं पुणं तुला काहीच सांगणार नाही. ओल कुठे येते, पाणी कुठे तुंबतं, रिक्षा पावसात मिळते का, हे सगळं जुलैच कळवतो. खोलीत एक कॉट, एक कपाट आणि दोघी-तिघी सोबतिणी, हे महिनाभर चालतं. चित्रांचं सामान थोडंच ने. त्या महिन्यात दहा ठिकाणं बघत फिरू नकोस. दोनच निवड, एक कलादालन आणि एक छोटं नाट्यगृह, आणि तिथेच आठवड्यातून दोनदा जा. तिसऱ्या-चौथ्या फेरीला लोक ओळखीचं हसतात, पाचव्या-सहाव्या फेरीला कुणीतरी विचारतं, 'तुम्ही काय करता?' एकट्या माणसाची ओळख अशीच वाढते. दहा ठिकाणी एकेकदा गेलीस तर दहाही ठिकाणी परकीच राहशील. नेपथ्याचं काम हवं असेल तर तालमीच्या हॉलवर जाऊन 'रंगवायला हात हवेत का' असं थेट विचार. पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत महाविद्यालयांचे संघ अशा हातांच्या शोधातच असतात. पैसे मिळणार नाहीत, माणसं मिळतील.

महिना संपला की वहीत तीन गोष्टी लिहून काढ: किती तास प्रवासात गेले, किती तास टेबलावर बसून काम झालं, आणि आजारी पडलीस तर डबा आणून देईल अशी किती माणसं भेटली. तिसरा आकडा शून्य असेल तर भाग बदल, शहर नको. महिन्याभरात शहराचा निकाल लागत नाही.

पैशाचं नीट वाच. मागच्या बारा महिन्यांची कमाई मांड, त्यातले सगळ्यात वाईट तीन महिने घे आणि त्यांची सरासरी काढ. भाडं आणि मेंटेनन्स मिळून त्या सरासरीच्या निम्म्याच्या आत बसलं पाहिजे. चांगल्या महिन्याच्या जोरावर घेतलेली खोली वाईट महिन्यात सुटते. समज भाडं १६,००० ठरलं. पुण्यात डिपॉझिट साधारण दोन ते तीन भाडी, म्हणजे ४८,००० धर. ब्रोकरचं एक भाडं १६,००० आणि पहिल्या महिन्याचं भाडं १६,०००. पहिली रात्र काढायच्या आधीच ८०,००० हातातून जातात. गादी, बादली, टेबल वेगळं. याखेरीज सहा महिन्यांचा खर्च बँकेत पडलेला असू दे, कारण नव्या गावातला पहिला प्रकाशक काम लगेच देईल, पैसे नाही.

करार लिव्ह अँड लायसन्सचाच हवा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा, आणि नोंदवलेला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची. 'नोटरी करून टाकू, चालतं' असं म्हणणारे भेटतील. नाही चालत. मुद्रांक शुल्क अगदी थोडं आहे: मुदतीचं एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. वरच्या उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं १,७६,०००, व्याज ४,४००, आणि शुल्क साडेचारशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. घरी येऊन अंगठे घेणारे एजंट असतात, त्यांची फी वेगळी. खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायची पद्धत आहे, ते आधीच बोलून घे. नोंदलेली प्रत तुझ्या मेलवर आलीच पाहिजे. बँकेला, गॅसला, पत्ता बदलायला तीच लागते. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरायची असते, ती मालकाने भरली की पावती मागून घे.

टोकन, म्हणजे खोली धरून ठेवायची आगाऊ रक्कम, देण्याआधी वीजबिल आणि मिळकतकराची पावती बघ. दोन्हींवरचं नाव आणि समोरच्या माणसाच्या आधारवरचं नाव जुळलं पाहिजे. परदेशातल्या मालकाच्या वतीने कुणी सही करत असेल तर कुलमुखत्यारपत्र, म्हणजे सहीचा अधिकार देणारा कागद, माग. सोसायटीत एकट्या भाडेकरूबद्दल काही अट आहे का, पाहुण्यांच्या वेळेचं काही आहे का, हे टोकनच्या आधी विचार, नंतर नाही. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत ना-वापर शुल्क घेऊ शकते. ते मालकाचं देणं, तुझ्या माथी येऊ देऊ नकोस.

करारात चार गोष्टी स्पष्ट लिहून घे: लॉक-इन, म्हणजे खोली सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचं (तीनपेक्षा जास्त मान्य करू नकोस), नोटीस एक महिन्याची, डिपॉझिट किल्ल्या दिल्याच्या दिवशी परत, आणि रंगकामाचे पैसे कापायचे की नाही. पैसे अडकतात ते या शेवटच्या मुद्द्यावर. निघताना 'रंग लावावा लागेल' म्हणून एक भाडं कापतात. तू तर रंगांचंच काम करणार, त्यामुळे फरशीवर जाड प्लास्टिक टाक आणि राहायला जायच्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, गिझरचा, पंख्याचा व्हिडिओ काढून मालकाला पाठव. मुदत संपल्यावर राहू नकोस. त्याच भाडे कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं मागता येतं. नूतनीकरण महिनाभर आधी बोल. इथे जर्मनीत डिपॉझिट कायद्यानेच तीन भाड्यांच्या पुढे घेता येत नाही. तिथे तुला ते बोलून ठरवावं लागणार, म्हणून इतकं लिहिते आहे.

खोली बघताना चार वाजता जा, अकराला नको. उत्तरेची खिडकी चित्राला सगळ्यात चांगली, तिथून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही आणि दिवसभर उजेड साधारण सारखा राहतो. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघ. पावसाचा मारा त्या बाजूने असतो, आणि एकाच भिंतीला नवा रंग दिसला तर ओल झाकलेली असण्याची शक्यता मोठी. कागद भिंतीपासून चार बोटं दूर, जमिनीपासून उंच, सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लास्टिकच्या डब्यात ठेव. नाहीतर गणपती येईपर्यंत त्यावर बुरशीचे तपकिरी ठिपके पडतील.

नळ सोडून बघ आणि वॉचमनला विचार, 'टँकर येतो का? उन्हाळ्यात किती?' हे मालकाला विचारून उपयोग नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, पण सगळीकडे नळाचं पाणी पोचलेलं नाही. तिथे टँकरचे पैसे मेंटेनन्समधून निघतात. दुरुस्तीसाठी पाणी बहुधा गुरुवारी बंद असतं, दोन पिंपं भरून ठेवायची सवय लाव. नदीकाठचा आणि ओढ्याकाठचा तळमजला कितीही स्वस्त मिळाला तरी नको. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने रात्रीतून हाहाकार केला. चित्रं तळमजल्यावर ठेवणाऱ्याचं एका रात्रीत सगळं जातं.

सामानासाठी: कागद, रंग, पुस्तकं अप्पा बळवंत चौकात. खिळे, पत्रे, ब्रश, सुतळी बोहरी आळीत. लाकूड भवानी पेठेच्या टिंबर मार्केटला. बांबू बुरूड आळीत. नेपथ्याला जुन्या वस्तू हव्या असतील तर जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी. सकाळी लवकर जा आणि पहिली किंमत मान्य करू नकोस. नेपथ्याचं माप सांगताना फूट-इंच लिहून ने, सुतार मीटरमध्ये बोलत नाहीत.

संध्याकाळी फुकट किंवा थोड्या पैशात काय मिळतं तेही लिहिते. बालगंधर्व कलादालनात प्रदर्शनं चालू असतात. एप्रिल-मेमध्ये वसंत व्याख्यानमाला असते, ती १८७५ पासूनची. डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव. रात्री साडेनऊचा प्रयोग सुटेपर्यंत मेट्रो बंद झालेली असते, म्हणून तिकीट काढतानाच परतीची सोबत ठरवून ठेव.

दोन कागदी कामं पुण्याला जाण्याआधीच उरक. पहिलं, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, पूर्ण मोफत. कुणी पैसे मागितले तर तो दलाल समज. ती असली की काम घेणाऱ्याला लेखी करारात पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, करारच नसेल तर १५ दिवस, आणि उशिरावर चक्रवाढ व्याज मागता येतं. बिलावर तो क्रमांक छापलेला असला की हिशेबनीस बिल बाजूला सारत नाहीत. दुसरं, आरोग्य विमा. इथे कलावंतांच्या सामाजिक विम्यात निम्मा हप्ता कलावंत भरतो, उरलेला सरकार आणि काम देणाऱ्या संस्था. तिथे सगळा तुलाच भरायचा आहे. पॉलिसी सुरू झाल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी आजारांना ती लागू होत नाही, म्हणून आजच घे.

ताई, तुझी काळजी कळते. हुतात्मा एक्सप्रेस आहे, वंदे भारत आहे. सकाळी सोलापुराहून निघालीस तर दुपारी तिच्या टेबलाशी बसून जेवशील. पण पहिले दोन महिने रोज फोन करून 'जेवलीस का' विचारू नकोस, तिला तिच्या माणसांत मिसळू दे. भाऊजींना सांग, पहिल्या दिवशी टेम्पोत पलंग, कपाट काही घालू नका. गादी, पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि शेगडी, कुकर, टेबल, दिवा, बस. बाकी तिथे जुनं मिळतं आणि घर बदलावं लागलं तर दोन फेऱ्यांत हलतं.

मनू, जुलैत कॉट बेसिसला गेलीस की मला पत्ता कळव. करार कधी करशील तो कर, पण मसुदा हातात आला की सही करण्याआधी त्याचे फोटो पाठव. इथे रात्रीचे अकरा वाजले तरी वाचून उत्तर देईन.

तुझी,
मावशी