दुसरा टप्पा, रात्री एक वाजता

एस्पो, फिनलंड
20 जून 2023

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोन मध्येच कट झाला आणि तुमचा प्रश्न तसाच राहिला. "रात्री एक वाजता रानात पळायचं ते कशासाठी?" तुम्ही रागावून नाही, काळजीने विचारत होतात, हे आवाजावरून कळलं. याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय. आईला वाचून दाखवा. ती शर्यतीच्या रात्री जागीच होती, असं ताईने मला सांगितलं.

शर्यतीचं नाव युकोला. 1949 साली सुरू झालेली, दर वेळी नव्या गावी भरणारी, साधारण जूनच्या मध्यावर. अलेक्सिस किवी नावाच्या इथल्या मोठ्या लेखकाची 1870 सालची कादंबरी आहे, सात भावांची. युकोला हे त्यांच्या घराचं नाव. आईबाप नसलेले हे सात हूड भाऊ गावाला कंटाळून रानात राहायला जातात. म्हणून शर्यतीत एका टीममध्ये सात जण. बायकांची चौघींची वेगळी शर्यत असते, तिचं नाव वेन्ला. तीही त्याच कादंबरीतली शेजारघरची मुलगी. वेन्ला शनिवारी दुपारी होते आणि रात्री अकराला युकोला सुटते. एकाने रानात जायचं, परत यायचं, मग दुसऱ्याने निघायचं, असं सकाळपर्यंत. दोन्ही शर्यती मिळून दहा हजारांहून जास्त माणसं पळतात.

आखलेला रस्ता कुठेच नसतो. हातात नकाशा आणि होकायंत्र. नकाशावर जांभळे गोल काढलेले असतात, प्रत्येक गोलाच्या मधोमध रानात एक नारिंगी-पांढरं निशाण लावलेलं. दिलेल्या क्रमानेच सगळ्या निशाणांपाशी जायचं आणि प्रत्येक ठिकाणी हातातलं छोटं इलेक्ट्रॉनिक कार्ड तिथल्या यंत्रावर टेकवायचं. एक निशाण चुकलं तर सातही जणांची मेहनत बाद. ओरिएंटियरिंग म्हणतात तो हा खेळ इथे पोरं शाळेतच शिकतात. मी तो इथे आल्यावर, ऑफिसातल्या लोकांबरोबर बुधवारच्या संध्याकाळी जाऊन जाऊन शिकलो.

आमची टीम ऑफिसचीच. कॅप्टन पन्नाशी ओलांडलेल्या बाई आहेत, फार शांत. नव्या माणसाला बहुतेक चौथा किंवा पाचवा टप्पा देतात. ते लहान असतात आणि तोवर उजाडलेलं असतं. दुसरा टप्पा मात्र ऐन रात्रीचा. बाईंनी विचारलं, "अंधारात एकट्याने जायला कोणाची हरकत नाही?" मी हात वर केला. अण्णा, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे आपला मळा होता. रात्रीची लाईट असली की मी नववी-दहावीत तुमच्यामागे बॅटरी धरून दारं धरायला यायचो. उसाच्या कडेने तुम्ही पुढे चालायचात आणि दर थोड्या वेळाने मोठ्याने खाकरायचात, बिबट्याला माणूस आल्याचं कळावं म्हणून. पायाखाली गार चिखल आणि आपल्या उजेडापलीकडे काहीच दिसत नाही, हे मला नवं नव्हतं.

यंदाची शर्यत पोर्वो या गावाजवळ होती, हेलसिंकीच्या पूर्वेला साधारण पन्नास किलोमीटरवर. तुम्ही नक्की विचाराल की एवढी माणसं पळतात ते रान कोणाचं? या देशाची जवळजवळ तीन चतुर्थांश जमीन जंगल आहे आणि त्यातलं निम्म्याहून जास्त आपल्यासारख्या घरांच्या मालकीचं आहे. तरी कोणाच्याही जंगलातून कोणालाही चालता येतं, करवंदांसारखी रानफळं, अळंबी वेचता येतात. घराच्या अंगणात आणि उभ्या पिकात मात्र पाय टाकायचा नाही. आपल्याकडे बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या अबोला धरणारी माणसं पाहिल्यामुळे मला याचं अजून नवल वाटतं. शर्यतीसाठी मात्र जमीनमालकांची परवानगी घ्यावीच लागते. आणि ठिकाण जाहीर झालं की खेळाडूंना त्या भागात पाऊल टाकायला बंदी होते, कोणी आधी जाऊन वाटा पाहून ठेवू नये म्हणून.

जूनमध्ये इथे काळोख पुरता पडत नाही. सूर्य अकराच्या थोडा आधी मावळतो आणि चारच्या आत उगवतो. मधल्या वेळात आभाळ करडं राहतं. पण ते आभाळात. कुसीच्या झाडांखाली, म्हणजे इथल्या दाट सूचिपर्णी झाडांखाली, दोन हातांवरचा दगड दिसत नाही. त्यासाठी कपाळावर बॅटरी बांधतात. खाली लोखंडी खिळ्यांचे बूट, ओल्या खडकावर घसरू नये म्हणून.

अकराला पहिल्या टप्प्याचे सगळे एकदम सुटले. हजारावर दिवे शेतातून गेले आणि झाडांच्या रेषेपाशी एकेक करून आत शिरले. बराच वेळ रानातून उजेड हलताना दिसत होता, मग तोही गेला. मी लष्कराच्या मोठ्या तंबूत जाऊन पडलो (इथे सैन्य असे तंबू शर्यतीला देतं), पण झोप कसली! साडेबाराला उठून पडद्यापाशी उभा राहिलो. आपला माणूस रानातल्या शेवटच्या भागात आला की टीमचा नंबर पडद्यावर येतो. तो आला तसा मी बदलीच्या कुंपणाशी गेलो. थंडी होती, पोटऱ्या थरथरत होत्या, आजूबाजूचे कोणी बोलत नव्हते.

या शर्यतीत हातातून हातात काठी देत नाहीत, नकाशा देतात. आमचा पहिला गडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आला, लटकवलेल्या शेकडो नकाशांतून आमच्या नंबरचा उचलला आणि माझ्या हातात दिला. मी नंबर पाहिला, टप्प्याचा आकडा पाहिला. चुकून दुसऱ्या टीमचा नकाशा घेऊन गेलं तर सगळंच वाया. "दलदल खोल आहे, उजवीकडून जा," एवढंच तो म्हणाला. तेव्हा एक वाजून गेला होता.

पहिली काही निशाणं सोपी होती. पुढे-मागे दिवे होते, पायवाट तुडवलेली होती, नुसतं बरोबर राहिलं तरी चालत होतं. नेमकी त्याचीच बाईंनी मला ताकीद दिली होती. एकाच टप्प्यात वेगवेगळ्या टीमना काही निशाणं वेगळी देतात. सातही टप्पे संपले की सगळ्यांचं पळणं सारखंच भरतं, पण एका टप्प्यात तुमच्या पुढचा माणूस कदाचित दुसऱ्याच निशाणाकडे चाललेला असतो. रानात त्याचा दिवा मात्र तुमच्या वाटाड्यासारखाच दिसतो.

ते एका दलदलीपाशी झालं. दिव्यांची मोठी रांग डावीकडे वळली, वीस-पंचवीस तरी असतील. माझ्या नकाशावर पुढची रेघ उजवीकडे, एका कड्याच्या पायथ्याने जात होती. मी थांबलो. नकाशा उत्तरेला लावला, होकायंत्राची सुई पाहिली, पुन्हा पाहिली. सगळं अंग त्या दिव्यांकडे ओढत होतं, अण्णा. एवढी माणसं चुकतील का, असंच वाटतं. मग उजवीकडे वळलो आणि पावलं मोजायला लागलो. शेवाळ इतकं जाड की पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. थोड्या वेळाने मागे एकही उजेड उरला नाही. आवाजही नाही. डास तेवढे होते.

मग रातवा ओरडायला लागला. आपल्या माळावर ओरडतो तो 'चक-चक-चक' करतो, इथला वेगळा, एकसारखं चरखा फिरवल्यासारखा लांबलचक घुर्रर्र आवाज काढतो. पण तो रातवाच आहे हे मला लगेच कळलं आणि मी चालता चालता मोठ्याने खाकरलो. सवयीने. इथे बिबट्या नाही, तरी.

कडा लागला. त्याच्या टोकाला मोठा धोंडा आणि धोंड्यामागे निशाण. खांबावरचा आकडा माझ्या यादीतल्या आकड्याशी जुळला. कार्ड टेकवलं. मला त्या वेळी जे वाटलं ते पगारवाढीच्या दिवशीही वाटलं नव्हतं, हे अगदी खरं लिहितोय. त्यानंतर पुढचं सगळं भराभर झालं. दलदल, तारेचं कुंपण, पाइनच्या झाडांचं कोरडं टेकाड, तिथून वरचं पहाटेचं आभाळ. शेवटी झाडांपलीकडून लाउडस्पीकर ऐकू यायला लागला. तिसऱ्या टप्प्याची मुलगी (युकोलात बायकाही पळू शकतात) कुंपणाशी उड्या मारत उभी होती. तिच्या हातात नकाशा दिला आणि ती गेली.

बाई जाग्या होत्या. त्यांच्या कागदावर माझ्या नावापुढे मी कधी परत येईन तो अंदाज लिहिलेला होता: पावणेतीन. मी आलो तीनला दहा मिनिटं कमी असताना. त्यांनी माझ्या नावावर खूण केली, ब्लूबेरीचं गरम सूप हातात दिलं आणि मगच झोपायला गेल्या. मला नंतर कळलं की त्या कार्डांवरून, कोण रानात गेलं आणि कोण बाहेर आलं, याचा हिशेब आयोजकही ठेवतात. शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत त्यांचं काम संपत नाही. आमचे शेवटचे टप्पे सकाळी मागे राहिलेल्यांना एकत्र सोडतात त्यात गेले. नंबर बराच खालचा आला, पण सातही जणांचं एकही निशाण चुकलं नाही.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की मला तिथे भीती वाटली नाही, कारण मी परत कधी यायचं हे कोणाला तरी माहीत होतं आणि ते माणूस घड्याळाकडे बघत बसलं होतं. आणि हे मनात येताच मला तुमची आठवण झाली. तुम्ही रात्री दोनला मोटार चालू करायला जाता तेव्हा आईला उठवत नाही. "कशाला झोपमोड," म्हणता. ती तशीही जागीच असते, तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही कधी येणार हे तिला माहीत नसतं. कोणत्या बाजूच्या उसात गेलात तेही नाही. गेल्या पावसाळ्यात वरच्या वस्तीवर बिबट्याने वासरू नेलं, त्याच्या दुसऱ्या रात्री तुम्ही एकटे गेला होतात.

पाऊस यंदा लांबलाय, केरळातच तो 8 जूनला पोचला, आणि वादळाने सगळं पुढे ढकललं. म्हणजे विहिरीत पाणी आहे तोवर ऊस भिजवायलाच हवा आणि रात्रीची लाईट आली की तुम्ही जाणारच. जाऊ नका असं मी म्हणत नाही. जाताना आईला उठवून सांगा, कोणत्या तुकड्यात चाललोय आणि किती वाजेपर्यंत येतो. वेळ टळली तर तिने तात्यांना हाक मारायची, लगेच, संकोच न करता. तात्यांशी मी बोललोय, ते हो म्हणालेत.

ऑफिसातला एक मित्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर डोक्याला बांधायची बॅटरी पाठवतोय, मी पळताना बांधली होती तशीच. दोन्ही हात मोकळे राहतात, एका हातात काठी धरता येईल. मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होते; दिवसा लाईट असेल तेव्हा लावून ठेवा. मधलं बटण दाबून धरलं की उजेड लांब पडतो. ताईचा मुलगा दाखवेल.

आई, रानातून आल्यावर मी अंगावर गोचीड नाही ना हे नीट पाहिलं, तू विचारणार म्हणून आधीच लिहितोय. गुडघ्याला थोडं खरचटलंय, बाकी ठणठणीत. आत्या वारीहून आली की तिला माझा नमस्कार सांग. सोयाबीनची घाई करू नका, चांगली ओल होऊ द्या. बियाण्याचे पैसे सोमवारी पाठवतो.

आपला,
बाळू