सर्पगंधेचे रोप ओळखूनच घ्यावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की इंदुरातील रोपवाटिकांत औषधी झाडांची मागणी वाढते आणि त्यांत सर्पगंधा हमखास असते. काही वर्षांपूर्वी मीही एका रोपवाटिकेतून सर्पगंधा म्हणून तीन रोपे आणली आणि दोन पावसाळे हौसेने वाढवल्यावर कळले की, ती सर्पगंधा नसून तिची अमेरिका खंडातून आलेली चुलतबहीण आहे. हिच्या पेरावर लहानमोठी चार पाने येतात, तर सर्पगंधेच्या पेरावर बहुधा तीन. पण तिलाही कधी चार पाने फुटत असल्यामुळे खात्री फुलांवरूनच करावी. सर्पगंधेचे फूल लांब नळीचे, पांढरे आणि देठ लालभडक असतो. दुसरीची फुले बारीक व फिकट असतात. विकणाऱ्याने मुद्दाम फसवले असे मी म्हणत नाही, त्यालाही फरक ठाऊक नसावा.

औषधी गुण मुळांमध्ये असल्याने जंगलातले झुडूप समूळ उपटले जाते, म्हणून लागवड आवश्यक आहे. मात्र कठीण कवचामुळे बियांची उगवण बेभरवशाची असते. जांभळट-काळी झालेली फळे चोळून बी काढावे, पेरण्यापूर्वी दिवसभर पाण्यात भिजवून तरंगणारे टाकून द्यावे आणि तळाशी बसलेलेच मे महिन्यात अर्धवट सावलीतल्या गादीवाफ्यावर पेरावे. फळे पिकणे आणि ही पेरणी यांत बरेच महिने जात असल्याने इंदूरच्या कृषी महाविद्यालयाने दिलेल्या ‘आरएस-१’ या वाणाचे मोल मोठे आहे, कारण त्याचे बी सात महिने साठवूनही ५० ते ६० टक्के उगवते. बी नसल्यास मुळांचे अडीच ते पाच सेंटिमीटरचे तुकडे लावता येतात, पण त्यासाठी एक चांगले झाड खणावे लागते.

माळव्याच्या काळ्या मातीत पाणी तुंबून मुळे कुजतात, म्हणून वाफ्यात कुजलेले खत सढळ हाताने घालावे. (सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी याच शहरात बसवलेली खताची ‘इंदूर पद्धत’ आज इंदूरकरांनाच शिकवावी लागते!) कडक थंडीत हे झुडूप पाने टाकते; ते मेले असे समजून मी नंतर मिळवलेले एक अस्सल रोप उपटून फेकले होते.

घरच्या मुळीचे चूर्ण मात्र कोणी स्वतःच्या मनाने घेऊ नये. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील जिचा उपयोग जगापुढे मांडला, ती ही मुळी मन खिन्नही करू शकते.

रोपवाटिकांनी पिशवीवर शास्त्रीय नाव आणि बियांचे मूळ ठिकाण लिहावे, तसेच आपण दोन्ही झुडपांची फुलांसह छायाचित्रे शेजारी शेजारी छापावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इंदूर