न पोचलेली नोंद

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘बंदुकांवर कडक नियम आणणं ऑस्ट्रेलियाला १२ दिवसांत जमलं, ते अमेरिकेला का जमू नये?’ हा तुझा सवाल रास्त आहे. १९९६ साली तिथल्या पोर्ट आर्थरला गोळीबारात ३५ माणसं मारली गेली आणि तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी स्वतःच्याच मतदारांची नाराजी पत्करून सगळ्या राज्यांना कडक नियमांवर राजी केलं. साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने पैसे मोजून परत घेतल्या, त्यासाठी वर्षभर जादा करही लावला. पण तिथल्या राज्यघटनेत शस्त्राचा हक्क नव्हता. अमेरिकेत तो १७९१ पासून आहे, २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क ठरवला, आणि आता तिथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. इतक्या बंदुका कोण, कशा गोळा करणार?

मला छळतो तो प्रश्न वेगळा आहे: आहेत ते कायदे तरी सरकार नीट राबवतं का?

टेक्सासमधलं सदरलँड स्प्रिंग्ज घे. नोव्हेंबर २०१७, चर्चमध्ये २६ बळी. मारेकरी हवाई दलातून काढलेला. बायकोला आणि तान्ह्या सावत्र मुलाला मारहाण केल्याबद्दल लष्करी न्यायालयाने त्याला शिक्षा दिली होती, म्हणजे कायद्याने त्याला बंदूक घेताच येत नव्हती. पण हवाई दलाने ती नोंद एफबीआयला, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेला, कळवलीच नाही. दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या जुन्या नोंदींची रीतसर तपासणी केली, त्यात काहीच निघालं नाही, बंदूक विकली गेली. पुढे २०२१ साली न्यायालयाने ६० टक्के जबाबदारी सरकारवर टाकली. मारेकऱ्यापेक्षा जास्त, वसंता!

साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या गोळीबाराचीही तीच कथा. तीन कामकाजाच्या दिवसांत तपासणीचं उत्तर आलं नाही, तर दुकानदाराला बंदूक विकायची मोकळीक. मारेकऱ्याने अमली पदार्थांची कबुली दिल्याचा कागद वेळेत सापडला नाही, मुदत उलटली, आणि जून २०१५ मध्ये बायबल वाचायला जमलेल्यांपैकी ९ जण गेले.

फ्लॉरिडातल्या पार्कलंडच्या गोळीबाराआधी तर एफबीआयला मारेकऱ्याबद्दल थेट फोन गेला होता. तो स्थानिक कचेरीपर्यंत पोचलाच नाही. सव्वा महिन्यात शाळेत १७ बळी. त्यानंतर मात्र बंदुकांच्या बाबतीत एरवी सैल असलेल्या फ्लॉरिडाने महिन्याच्या आत खरेदीचं वय २१ केलं आणि धोकादायक माणसाची शस्त्रं न्यायालयाच्या आदेशाने काही काळ काढून घ्यायची सोय केली. मला ही सोय बंदीपेक्षा जास्त कामाची वाटते. फक्त ती कुणीतरी वापरावी लागते. न्यूयॉर्कमध्ये असाच कायदा असताना तिथल्या बफेलो शहरातल्या मारेकऱ्याबद्दल आधीच तक्रार आली होती, त्याची मानसिक तपासणीही झाली होती. पण शस्त्रं काढून घेण्याचा आदेश कुणी मागितला नाही. मे २०२२ मध्ये १० जण गेले.

एवढ्यावरून तू म्हणशील की मी बंदुकवाल्यांच्या बाजूला गेलो. तसं नाही, ही तीन दिवसांची पळवाट मी उद्याच बंद केली असती. पण नवा कायदा आला की सगळं सुटेल, हा तुझा भरवसा मला पटत नाही. पटवता येत असेल तर पटव, सविस्तर लिही.

तुझा,
अनिल