ग्रंथालयातल्या काकींना जाहीर आभार

आदरणीय काकी,
सप्रेम नमस्कार.

मुलं तुम्हाला काकी म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना रुळवायची जबाबदारी कागदोपत्री आम्हा मेंटॉर शिक्षकांची. त्यातलं निम्मं काम तुमच्या काउंटरवर होतं, आणि हे चारचौघांत सांगायलाच हवं.

बारावीपर्यंत एका विषयाला एक पुस्तक असतं. जूनमध्ये पेडण्याहून, सत्तरीतून, काणकोणहून आलेलं मूल त्याच सवयीनं येतं आणि "अर्थशास्त्राचं टेक्स्टबुक द्या" म्हणतं. तुम्ही त्याला आधी अभ्यासक्रमाची प्रत काढायला लावता. मग तीन पुस्तकं पुढ्यात ठेवता आणि पहिल्या युनिटमधला एकच मुद्दा तिन्हींच्या सूचीत शोधायला सांगता. ज्यात तो सगळ्यात सोपा करून मांडलाय ते पुस्तक घरी न्यायचं. बाकीच्या दोहोंतली तेवढीच पानं तिथं बसून वाचायची आणि वहीत पुस्तकाचं नाव नि पान क्रमांक लिहून ठेवायचा. पान क्रमांक लिहिला नाही की आयएसएच्या, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत चाचणीच्या, आदल्या दिवशी तीच शोधाशोध पुन्हा.

पुस्तक जागेवर नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला तुम्ही स्वतः कपाटापाशी नेता. पुस्तकाच्या कण्यावरची चिठ्ठी दाखवता: वर विषयाचा वर्गांक, खाली लेखकाची अक्षरं. दाखलांक वेगळा, तो त्या एका प्रतीचा. चूक बहुतेक वेळा दशांशात असते. ३३०.१२ हे ३३०.२ च्या पुढं असणार असं मुलं धरून चालतात, कारण बारा दोनापेक्षा मोठे. तुम्ही टिंबानंतरचा एकेक अंक बोटानं दाखवता, एक आधी, दोन नंतर, म्हणजे ३३०.१२ अलीकडं. एकदा हे कळलं की मराठी साहित्याच्या ८९१.४६ पर्यंत मूल आपलं आपण पोचतं.

इंग्रजीची धास्ती हा वेगळा विषय. चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यम, अशा वाटेनं आलेल्या मुलाला इंग्रजी वाचता येतं, पण तासाला बोलणं वेगानं निसटतं. वहीच्या पानाचा डावीकडचा तिसरा हिस्सा कोरा ठेवायचा, सुटलेलं त्याच संध्याकाळी भरायचं, ही तुमची युक्ती आता आम्हीही वर्गात सांगतो. दोन दिवस गेले की काय सुटलं तेही आठवत नाही. आणि मुद्दा आधी मराठीत लिहून मग इंग्रजीत न्यायला तुम्ही कुणाला कमीपणा वाटू देत नाही. आमच्या मते हे तुमचं सगळ्यात मोठं काम.

हजेरीचा हिशेब तुम्ही जुन्या कॅटलॉग कार्डांच्या पाठीवर मांडून देता. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे पंधरा आठवड्यांत ६० तास, ७५ टक्के म्हणजे ४५, हाताशी १५. मुलांना हे पुष्कळ वाटतात. पण प्रॅक्टिकलला एका क्रेडिटचे ३० तास, दोन-दोन तासांच्या पंधरा बैठका. बारा भराव्याच लागतात, सुटू शकतात फक्त तीन. चवथीला गावी गेलेलं मूल आठवडाभर आलं नाही की त्यातली एक गेली, तापानं दुसरी. उरलेली एक मग पावसात पणजीला हुकलेल्या बससाठी राखून ठेवा, हे तुमचं सांगणं. गणित साधंच आहे, पण ऑक्टोबरात कळून उपयोग नसतो.

क्रेडिट बँकेचा, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जमा होतात त्या सरकारी खात्याचा, बारा अंकी क्रमांक डिजिलॉकरवरून काढायला मुलं ग्रंथालयातल्याच कॉम्प्युटरवर बसतात. तिथं आपल्या गोव्याची जुनी अडचण निघते: आधारवर परब, दहावीच्या दाखल्यावर पोरोब, एकीकडं वडिलांचं नाव मध्ये, दुसरीकडं नाहीच. नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही की डिजिलॉकर अडतो. घाईनं आधार केंद्रावर धावू नका, असं तुम्ही बजावता ते फार योग्य. आधारवरचं नाव दोनदाच बदलता येतं. म्हणून आधी दहावीचा दाखला आणि जन्मदाखला शेजारी ठेवून कुठलं स्पेलिंग कायमचं धरायचं ते घरी ठरवायचं, मगच दुरुस्ती.

पावसाळ्यात भिजलेलं पुस्तक घेऊन आलेल्या मुलावर तुम्ही ओरडत नाही. ते उन्हात टाकलं तर पानं वाकडी होतात, मिटून ठेवलं तर चिकटतात आणि बुरशी धरते. म्हणून दहा-दहा पानांत कोरा टिपकागद घालून पंख्याखाली उभं ठेवायचं आणि कागद बदलत राहायचं. हे तुम्ही त्या मुलाच्याच हातून करून घेता.

आणखी एक. जेवणाच्या सुट्टीत रोज एकटं येऊन वर्तमानपत्राचं तेच पान धरून बसणारं मूल तुम्हाला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच दिसतं. तुम्ही चौकशा करत नाही. परत आलेली पुस्तकं लावायला हाताशी घेता, शेजारी त्याच तालुक्याचं दुसरं कुणी असेल असं बघता. तरी मूल खुलत नसेल तर आमच्याकडं येऊन हळूच नाव सांगता. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस मदतसेवेचा १४४१६ आणि रॅगिंगविरोधी मदतीचा १८००-१८०-५५२२, हे दोन्ही क्रमांक काउंटरच्या काचेखाली मुलांच्या बाजूनं वाचता येतील असे ठेवलेत, तेही तुमच्याच लक्षात आलं.

काकी, मनापासून आभार. हजेरीच्या हिशेबाचं एक कार्ड आम्ही न विचारता नेलं आहे. नव्या वर्गासाठी झेरॉक्स काढून सोमवारी परत आणून देतो.

आपले,
पहिल्या वर्षाचे मेंटॉर शिक्षक